लादीखालची हवा कुठून निघणार?

घरातली लादी काठीनं ठोकून पाहिली की काही ठिकाणी ती खणखणीत वाजते आणि काही ठिकाणी बद्द. बद्द आवाज आला की सगळ्यांचं बोट मालाकडे जातं : अ‍ॅडहेसिव्ह हलकं होतं, पाणी जास्त पडलं, लादीच वाकडी होती. यातलं काहीही खरं असू शकतं. पण लादीखाली पोकळ्या राहण्याचं मुख्य कारण मला वेगळं दिसतं. लादी टेकवली त्या क्षणी खालच्या हवेला बाहेर पडायला वाट होती की नव्हती, यावर जवळजवळ सगळं ठरतं. वाट नसेल, तर उत्तम माल आणि महागडी लादी असूनही पोकळी राहणार, आणि मग वरून कितीही ठोकलं तरी ती जाणार नाही. हे बसल्या जागी लिहिणं सोपं आहे. ते टिकतं का, हे पाहायचं तर ज्यांचे हात रोज या कामात असतात त्यांच्यापुढे ते ठेवायला हवं. म्हणून पुढच्या संवादात दुसरी बाजू एका जुन्या, जाणत्या मिस्त्रींची आहे. हे मिस्त्री म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. लाद्यांच्या कामावर या म्हणण्याला जे आक्षेप घेतले जातात, ते त्यांच्या तोंडी एकत्र केले आहेत, आणि मुद्दाम दुबळे करून ठेवलेले नाहीत.

मिस्त्री : साहेब, आम्ही वाळू-सिमेंटाचा माल पसरायचो, वर सिमेंटचा पातळ घोळ ओतायचो, लादी ठेवायची आणि हातोड्याच्या दांड्यानं ठोकत लेव्हलला आणायची. शहाबादी, कोटा, मोझॅक, सगळ्या अशाच बसवल्या. जुन्या चाळींत, वाड्यांत जाऊन बघा, अजून जागच्या हललेल्या नाहीत. हवा तेव्हाही खाली असणारच ना? ठोकली की निघायची. आता हे केमिकल आलं, पिशवीवर दहा सूचना आल्या, आणि तुम्ही म्हणता ठोकून हवा निघत नाही. मग तेव्हा कशी निघत होती?

लेखक : तुमची ती पद्धत त्या फरश्यांसाठी बरोबरच होती, आणि तिच्या यशाचं कारण समजून घेतलं की आज ती का चालत नाही हेही कळतं. शहाबादी फरशीची पाठ खडबडीत, मोझॅकची पाठ सिमेंटचीच. दोन्ही पाणी ओढतात, आणि पाण्याबरोबर सिमेंटही त्यांच्या अंगात शिरतं. खालचा थर दीड-दोन इंचांचा, ओलसर पण भुसभुशीत. त्याच्या कणांमध्येच जागा असते, त्यामुळे ठोका बसला की माल दबतो आणि हवा कणांमधून सरकून जाते. आता तिन्ही गोष्टी बदलल्या. व्हिट्रिफाइड लादी पाणी ओढते ते तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक लादीत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असतं. थराची जाडी दोन इंचांवरून तीन ते सहा मिलिमीटरवर आली. आणि हा थर भुसभुशीत राहिलेला नाही. तो लोण्यासारखा सलग आणि चिकट आहे, त्यातून हवा झिरपत नाही. अशा लादीवर हातोडा मारला की कडेजवळची हवा थोडी सुटते. मधली हवा चारी बाजूंनी बंद झालेली असते. ठोका बसला की ती दाबली जाते, ठोका थांबला की पुन्हा फुगते. ठोकणं लादी लेव्हलला आणायला उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. हवा काढायचं काम मात्र त्याच्याकडून होत नाही.

मिस्त्री : मग ही दात्यांची थापी कशाला दिली? तिच्यानं माल सारखा पसरतो म्हणून ना? मी थापी गोल फिरवली काय नि सरळ ओढली काय, दाते तेच, माल तेवढाच. पंख्यासारखी नक्षी उठली म्हणून लादी कमी चिकटते का?

लेखक : माल तेवढाच असतो, पण हवेचा हिशोब बदलतो. दहा मिलिमीटरच्या खाचा आणि मध्ये दहा मिलिमीटरचे दाते असलेली थापी घ्या. ती ओढली की शेतातल्या सरी-वरंब्यासारखी रचना उमटते : जिथे खाच तिथे मालाचा वरंबा, जिथे दात तिथे रिकामी सरी. म्हणजे पसरलेल्या थरातली निम्मी जागा हवेची आहे, आणि ती आपण मुद्दाम ठेवलेली आहे. आता त्यावर दोन बाय चारची, म्हणजे ६०० बाय १२०० मिलिमीटरची लादी ठेवा. दहा मिलिमीटर उंचीचा थर धरला तर तिच्याखालची एकूण जागा सव्वासात लिटरच्या आसपास भरते, आणि त्यातली निम्मी, साडेतीन लिटरहून थोडी जास्त, हवा असते. लादी पूर्ण बसून पाच मिलिमीटरचा सलग थर व्हायचा तर एवढी सगळी हवा काही सेकंदांत लादीखालून बाहेर जायला हवी. सऱ्या सरळ असतील तर प्रत्येक सरीची दोन्ही तोंडं लादीच्या कडेला उघडी राहतात. वरंबे दबत जातात, सरी अरुंद होत जाते आणि हवा तोंडातून निघून जाते. थापी गोल फिरवली की सरी वळते, दुसऱ्या वरंब्याला जाऊन भिडते, तोंड बंद होतं. लादी टेकताच तिथे पोकळी कायमची झाली. नक्षीवर आक्षेप आहे तो एवढ्याचसाठी.

यातूनच आणखी दोन गोष्टी निघतात, आणि माझ्या मते लाद्यांच्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होतं. पहिली, सऱ्यांची दिशा. लांबट लादीखाली त्या आखूड बाजूला समांतर हव्यात. ६०० बाय १२०० च्या लादीत मधली हवा तेव्हा फार तर ३०० मिलिमीटर चालते. लांब बाजूला समांतर ओढल्या तर तिला ६०० मिलिमीटर चालावं लागतं, आणि तेवढ्या वेळात सरी मध्येच कुठेतरी मिटण्याची शक्यता वाढते. दुसरी, लादी बसवण्याची हालचाल. ती वरून टेकवून ठोकायची नाही. टेकवली की दाबत, वरंब्यांना आडवी, एका वरंब्याच्या रुंदीइतकी पुढे-मागे सरकवायची. सऱ्यांच्या दिशेनंच सरकवली तर लादी नुसती वरंब्यांच्या डोक्यांवरून घसरते. आडवी सरकवली की वरंबे कलंडून शेजारच्या सरीत पडतात आणि सलग थर होतो. मोठ्या लाद्यांसाठी हाती धरायचे कंपक मिळतात. त्यांचा उपयोग आहे, पण सऱ्या सरळ असतील तरच. बंद पोकळीला कंपनानंही वाट मिळत नाही. शिवाय थापी साधारण पंचेचाळीस अंशांत धरायची. ती आडवी पडत गेली की वरंबे बुटके होतात, आणि दहाच्या थापीनं प्रत्यक्षात सहाचंच काम होतं.

मिस्त्री : बरं, जमिनीवर हे चालेल. भिंतीचं काय? भिंत कधी ओळंब्यात असते का साहेब? कुठे दहा मिलिमीटर आत, कुठे बाहेर. म्हणून आम्ही लादीच्या पाठीवर पाच गोळे लावतो, चार कोपऱ्यांत नि एक मध्ये, आणि दाबून ओळंब्यात आणतो. दात्यांच्या थापीनं ती वाकडी भिंत मी कशी झाकू?

लेखक : झाकू नका. गिलाव्यात राहिलेला दोष लादीच्या मालात लपवण्यातच या पाच गोळ्यांचा जन्म आहे. गोळे दाबून पसरले तरी लादीची बरीचशी पाठ उघडी राहते, आणि उघडे राहतात ते बहुधा कडांचे मधले भाग, म्हणजे कपाटाचा स्क्रू किंवा नळाचं भोक पाडताना ड्रिल जिथे लागतं तेच. दुसरं, गोळ्याच्या जागी माल पंधरा-वीस मिलिमीटर जाड आणि शेजारी शून्य. पातळ थरासाठी बनवलेलं अ‍ॅडहेसिव्ह एवढ्या जाडीत वाळताना जास्त आकसतं आणि लादीला त्या एका ठिपक्यात ओढतं. न्हाणीघरात याहून वाईट होतं. सांध्यात भरलेलं सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही. ते पाणी मागच्या पोकळ्यांत उतरतं, तिथे साचतं, वास येतो, सांध्यांतून पांढरे क्षार फुटतात. भिंत वाकडी असेल तर आधी गिलावा करून ती सरळ करायची, तो मुरू द्यायचा, आणि मग लादी. मोठ्या लाद्यांसाठी अमेरिकेतल्या नियमांत तीन मीटर लांबीत तीन मिलिमीटरहून जास्त चढ-उतार चालत नाही. आपल्याकडच्या गिलाव्याला आणि कोब्याला ही मोजपट्टी कडक वाटेल, पण बारा टाइलांऐवजी एकच मोठी लादी लावायची हौस असेल तर पृष्ठभागही तसा लागतो.

मिस्त्री : फुगे मालातूनच येतात, हे तुम्ही विसरताय. कालवताना फेस येतो, ते बुडबुडे थरात उतरतात. आम्ही थापीनं कालवतो तेव्हा एवढे बुडबुडे येत नाहीत. ही फिरकी लावून माल घुसळला की त्याचं ताक होतं.

लेखक : इथे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, मला फक्त दोन प्रकारची हवा वेगळी करायची आहे. अ‍ॅडहेसिव्हमध्ये पाणी धरून ठेवण्यासाठी सेल्युलोज ईथर घातलेलं असतं, आणि त्याच्यामुळे कालवताना मालात अतिशय बारीक बुडबुडे राहतातच. ते सगळीकडे सारखे विखुरलेले असतात आणि मालाच्या मऊपणाला मदतच करतात. त्यांच्या मागे लागायचं कारण नाही. साध्या ड्रिलला फिरकी लावून ती मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी पळवली तर मात्र मोठे बुडबुडे आत ओढले जातात आणि माल खरोखर दुबळा होतो. म्हणून फिरकी मंद हवी, मिनिटाला साधारण ३०० फेऱ्यांच्या आत, आणि ती मालात पूर्ण बुडालेली. बादलीत पाणी आधी, पावडर नंतर. उलट केलं की तळाला कोरड्या गुठळ्या राहतात. मग पाच-दहा मिनिटं माल तसाच सोडायचा म्हणजे त्यातली रसायनं भिजतात, आणि पुन्हा एकदा हळू कालवायचा. हा मधला विसावा कामावर सर्रास गाळला जातो. पुढे माल घट्ट वाटला की त्यात पाण्याचा हबका मारतात, तेही टाळायलाच हवं. हातानं कालवलेल्या मालात फेस नसतो, पण गुठळ्या असतात, आणि गुठळी दात्यात अडकली की वरंबा तुटतो. एवढं सगळं नीट केलं तरी मी म्हणेन की लादी बद्द वाजते ती या बारीक बुडबुड्यांमुळे वाजत नाही. ती वाजते हाताएवढ्या पोकळीमुळे, आणि ती पोकळी बादलीत तयार होत नसते.

मिस्त्री : मग आणखी एक सांगतो. आम्ही एका दमात आठ-दहा लाद्यांचा माल पसरतो, मागून लाद्या टाकत जातो. तुम्ही म्हणाल एकेक लादीचा पसरा. तसं केलं तर दिवस जातो. माल तर तासाभरात घट्ट होत नाही, पिशवीवरच लिहिलेलं असतं.

लेखक : पिशवीवर दोन वेगवेगळ्या वेळा असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या जातात. बादलीतला माल किती वेळ वापरता येतो, ही एक. पसरलेल्या मालावर लादी किती वेळात टेकवायला हवी, ही दुसरी आणि खूप कमी. आंतरराष्ट्रीय मानकांत ही दुसरी वेळ साध्या अ‍ॅडहेसिव्हला किमान वीस मिनिटं धरली आहे, पण ती प्रयोगशाळेत २३ अंश तापमानाला आणि पन्नास टक्के आर्द्रतेत मोजलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, खिडक्या उघड्या, गरम वारा, शिवाय कोरडा कोबा खालून पाणी ओढतोय. तिथे वीस मिनिटं मिळणार नाहीत. वरंब्याच्या डोक्यावर साय धरते. बोट लावून पाहा : माल बोटाला लागला तर ठीक, नुसता दबला आणि बोट कोरडं राहिलं तर तो खरवडून टाकायचा. साय धरलेले वरंबे दाबले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. लादी उचलली तर खाली वरंबे तसेच उभे दिसतात आणि लादीची पाठ जवळजवळ स्वच्छ असते. यावर उपाय साधे आहेत : दोन-तीन लाद्यांपुरताच माल पसरणं, पंखा बंद ठेवणं, उन्हाची खिडकी झाकणं, कोबा आधी झाडून किंचित ओलसर करणं, पाणी साचू न देता. आणि मोठ्या लादीच्या पाठीवर थापीच्या सपाट बाजूनं मालाचा पातळ हात फिरवणं. त्याआधी पाठीवरची पांढरी पूड ओल्या फडक्यानं पुसायची. भट्टीत लादी चिकटू नये म्हणून ती लावलेली असते, आणि तिच्यावर लावलेला माल लादीला न चिकटता त्या पुडीलाच चिकटतो. पाठीवरच्या हातानं माल दुप्पट लागतो असं म्हणतात, ते खरं नाही. तो थर एक मिलिमीटरही नसतो.

मिस्त्री : साहेब, तुमच्या पुस्तकातच थोडी हवा चालते म्हणतात. ऐंशी टक्के चिकटलं की पास. मग वीस टक्के पोकळीसाठी एवढा जीव का काढायचा?

लेखक : अमेरिकी मानकांत घराच्या आतल्या कोरड्या जागी ऐंशी टक्के आणि न्हाणीघरात किंवा बाहेर पंचाण्णव टक्के भराव मागितला आहे, हे खरं. पण त्याच्याबरोबर एक अट आहे : भराव सगळीकडे सारखा पसरलेला हवा, कडा आणि कोपरे आधारलेले हवेत. तीच अट मला टक्क्यांहून महत्त्वाची वाटते. ६०० बाय १२०० च्या लादीचे वीस टक्के म्हणजे जवळजवळ दीड चौरस फूट. ही पोकळी अर्धवट मिटलेल्या सऱ्यांच्या बारीक दोऱ्यांसारखी सगळीकडे वाटलेली असेल तर लादीला काही होत नाही. प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना माल आहे. तेच दीड फूट एका कोपऱ्यात एकत्र असेल, आणि त्यावर कपाटाचा पाय आला किंवा गॅसची टाकी आपटली, तर लादी वाकायला जाते. भाजलेली माती वाकत नाही, तडकते. टक्के तेच आहेत. वाटणी सरळ सऱ्यांनी होते, गोळा वळणदार सऱ्यांनी आणि पाच ठिपक्यांनी होतो. न्हाणीघरात, गच्चीत, बाहेरच्या भिंतीवर तर मी ऐंशीवर समाधान मानणार नाही. कोकणातल्या पावसात बाहेरच्या भिंतीमागे पाणी साचून राहणं आणि वरून लादी सुटून खाली पडणं यात फार अंतर नाही.

मिस्त्री : आणि ठोकून बघणारे मालक? काम झाल्यावर काठी घेऊन येतात, एक लादी बद्द वाजली की सगळे पैसे अडवतात. कधी खालचा कोबाच स्लॅबवरून सुटलेला असतो. तो आम्ही टाकलेला नसतो.

लेखक : या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. बद्द आवाज हा संशय आहे, पुरावा नव्हे. कोबा स्लॅबपासून सुटला असेल, खाली आवाज अडवणारा थर असेल, तरी लादी बद्द वाजते. आणि ती लादी कोब्याला घट्ट चिकटलेली असू शकते. उलट, ऐंशी टक्के भरलेली लादीही एका ठिकाणी बद्द वाजू शकते. शिवाय बद्द लादीवर नंतर उपाय तोकडे आहेत. सांध्यातून भोक पाडून इपॉक्सी भरतात, पण पोकळी सगळी भरली की नाही ते पुन्हा ठोकूनच ठरवावं लागतं. लेव्हलिंगच्या क्लिपाही इथे कामी येत नाहीत. त्या कडा एका पातळीत आणतात, आणि जास्त ओढल्या तर खाली बसलेली लादी वर उचलून नवी पोकळी तयार करतात. म्हणून तपासणी काम झाल्यावर काठीनं करायची नाही. ती काम चालू असताना लादी उचलून करायची. पहिल्या दोन-तीन लाद्यांतली एक, मग माल, लादीचा आकार किंवा माणूस बदलला की आणखी एक. पाठ पाहिली की सगळं दिसतं : सऱ्या मिटल्या की नाही, साय धरली होती का, कोपरे भरले का, थापी लहान पडतेय का.

मिस्त्री : उचललेली लादी, खरवडलेला माल, गेलेला वेळ, हे कुणाच्या खिशातून? काम आमचं उक्तं असतं, चौरस फुटाच्या भावानं. तुमच्या पद्धतीनं रोजची दोन-तीन खणांची लादी कमी बसेल. मालक तेवढेच पैसे देणार.

लेखक : तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा मला सर्वांत खरा वाटतो. चौरस फुटाचा भाव लादीच्या दिसणाऱ्या बाजूचा असतो. तिच्या पाठीला कोणी पैसे देत नाही, आणि म्हणून पाठीवर वेळ घालवणारा मिस्त्री तोट्यात जातो. भारतात अ‍ॅडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत मालाचे पाच प्रकारही सांगितले आहेत. मालक चौथ्या प्रकारची महाग पिशवी आणतात आणि ती पाच गोळ्यांत लावून घेतात, कारण पिशवी बिलात दिसते आणि सऱ्या दिसत नाहीत. तेव्हा भाव ठरवतानाच लिहून घ्या : थापीचा आकार, सरळ सऱ्या, पाठीवर मालाचा हात, आणि तपासणीसाठी उचलायच्या लाद्या. उचललेली लादी लगेच पुसून पुन्हा लावता येते. तिचा वेळ आणि वाया गेलेला माल मालकाच्या खात्यावर, पण पाठ रिकामी निघाली तर मिस्त्रींच्या खात्यावर.

मिस्त्री : मग माझीही एक गोष्ट लिहा. कोबा वाकडा असेल तर मी लादी लावायला नाही म्हणू शकतो, आणि तो सरळ करायचे पैसे वेगळे.

लेखक : ते मान्य. लादीच्या भावात ते दडपता येणार नाहीत. काम सुरू होण्याआधी मालक आणि तुम्ही मिळून तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी सगळ्या खोलीत फिरवा, जिथे पट्टीखाली फट दिसेल तिथे खडूनं खूण करा, आणि त्या खुणा भरून निघेपर्यंत अ‍ॅडहेसिव्हची पिशवी फोडू नका.